टेबलवाले नागोराव

नागोरावांबद्दल लिहायचं मी गेली पाच-सहा वर्षं टाळत आलो. बोलायचं मात्र कधी टाळलं नाही. कुणाच्या लग्नात, डॉक्टरांच्या बैठकीत, सकाळी विष्णुपुरीच्या बाजूला फिरायला जाऊन कट्ट्यावर बसणाऱ्या आम्हा निवृत्तांच्या घोळक्यात, कुठंही त्यांचा विषय निघाला की मी रंगवून किस्से सांगायचो. लोक पोट धरून हसायचे. किस्से संपत आले की मी घड्याळ बघायचो आणि उठायचो. पुढचं कुणाला सांगितलं नाही. आज ते सांगायचंय. पण नागोराव कोण होते हे कळल्याशिवाय ते सांगून उपयोग नाही, म्हणून आधी किस्सेच.

मी नांदेडच्या एका खासगी रुग्णालयात सर्जन होतो आणि नागोराव तिथल्या ऑपरेशनच्या टेबलाचे मालक होते. कागदोपत्री ते थिएटर टेक्निशियन. पण रोज सकाळी, पहिला पेशंट आत यायच्या आधी, ते स्वतः त्या टेबलावर आडवे व्हायचे. अंगात हिरवा ड्रेस, डोक्याला टोपी, डोळे मिटलेले, एक हात छातीवर आणि दुसऱ्या हातात टेबलाचा रिमोट. मग टेबल वर जायचं, खाली यायचं, डावीकडं कलायचं, उजवीकडं कलायचं, डोकं खाली पाय वर व्हायचं. पाच मिनिटांनी उठून नागोराव टेबलाची तब्येत जाहीर करायचे. "आज डाव्या अंगानं कुरकुरून राहिलंय. सांभाळून घ्या." मग औषधाच्या पाण्यानं सगळं टेबल दोनदा पुसायचं.

एक नवी सिस्टर पहिल्याच दिवशी लवकर आली. टेबलावर माणूस बघून तिला वाटलं पेशंट आधीच आणून ठेवलाय. तिनं जवळ जाऊन प्रेमानं विचारलं, "काका, उपाशीपोटी आहात ना?"

डोळे न उघडता नागोराव म्हणाले, "हाव. चहा बी घेतला न्हाई अजून."

तिनं त्यांचा रक्तदाबसुद्धा मोजला. त्यांनी मोजू दिला. पुढं कित्येक वर्षं ते तिला आपली डॉक्टरीणबाई म्हणायचे.

ही झोपायची सवय मी त्यांना एकदा विचारली होती. ते म्हणाले, "भूल दिलेल्या माणसाला तोंड नसतंय सायेब. त्याची कंबर अवघडली, टाच दाबली गेली, तर तो कुणाला सांगंल? टेबलवाल्याला आधीच ठावं पायजे." म्हणून ते पेशंटचीही चौकशी करायचे. आम्ही रक्ताचे रिपोर्ट बघत असू, तोवर हे म्हातारीजवळ उकिडवे बसून, कोणत्या कुशीवर झोपता, गुडघा सरळ होतो का, उशी किती उंच घेता, असलं विचारत. बाया आम्हाला जे सांगत नसत ते त्यांना सांगत. एका आजीनं तर सुनेची सगळी तक्रार सांगितली. नागोरावांनी ती ऐकून घेतली आणि आजीच्या कमरेखाली चादरीची जास्तीची घडी घातली.

ते नायगावकडचे. घरी शेती, भाऊ बघायचे. हे दहावी झाल्यावर नांदेडला आले आणि वॉर्डबॉयपासून चढत चढत टेबलापर्यंत पोचले. त्याच्या पुढं जायचं त्यांच्या मनातही नव्हतं.

मग आमच्याकडं रोबो आला.

रोबो म्हटलं की लोकांना वाटतं काहीतरी चालतं-बोलतं असेल. तसं काही नव्हतं. चाकांवरचा एक जाडजूड खांब आणि त्याला चार लांब हात. पेशंटच्या पोटावर बोटाएवढी छिद्रं करायची, त्यांत नळ्या बसवायच्या, त्या नळ्यांना यंत्राचे हात जोडायचे. सर्जन खोलीच्या कोपऱ्यात एका पेटाऱ्यात तोंड खुपसून बसतो आणि तिथून बोटांनी ते हात चालवतो. काम फार सुरेख होतं, यात शंका नाही.

अडचण एकच. पेशंट टेबलावर आणि यंत्र जमिनीवर. दोघांची एकमेकांशी ओळख नाही. ऑपरेशन चालू असताना आतडी बाजूला सरकावीत म्हणून टेबल कलतं करावं लागतं. टेबलाबरोबर पेशंट कलतो, यंत्राचे हात मात्र जिथल्या तिथं राहतात. म्हणून टेबल हलवायच्या आधी चारही हात पोटापासून सोडवायचे, मग टेबल हलवायचं, मग पुन्हा जोडायचे. दर वेळी दहा-पंधरा मिनिटं जायची.

यंत्र विकणाऱ्या कंपनीच्या माणसानं सांगितलं होतं की याच्याबरोबर चालणारं टेबलही मिळतं. ते आणि रोबो एकमेकांशी बोलतात. टेबल कललं की यंत्राचे हात आपोआप तेवढेच कलतात, सोडवायची गरजच पडत नाही. निर्णय माझ्यावर होता. मी म्हणालो, "बोलणारं टेबल कशाला? आमच्याकडं बोलणारा माणूस आहे." सगळे हसले. दाराशी उभे असलेले नागोरावही हसले, आणि थोडे ताठ झाले. हा किस्सा मी फार वेळा सांगितलाय.

नागोरावांनी पहिल्याच दिवशी यंत्राला जावई ठरवलं. आला तेव्हा सगळा स्टाफ दारात उभा, त्याच्यासाठी वेगळी वायर, वेगळा ए.सी. "आन सोता काई हलायचं न्हाई बगा," ते म्हणायचे, "सगळ्यायनं ह्याच्या भवती हलायचं." टेबल ही त्यांची लेक. जावई आडमुठा असला तर लेकीनं समजुतीनं घ्यावं, आणि दोघांनाही अक्कल नसली तर बापानं मधे उभं राहावं, असं त्यांचं शास्त्र होतं.

मधे उभं राहायचं म्हणजे काय, तेही त्यांनीच ठरवलं. ऑपरेशनच्या वेळी त्यांची जागा पेशंटच्या डोक्याकडं, हिरव्या पडद्याच्या अलीकडं असायची. पडद्यापलीकडचं सगळं निर्जंतुक. तिथं त्यांनी हात लावायचा नाही आणि तिथलं त्यांना दिसतही नसे. यंत्राचे हात जोडलेले आहेत की सुटलेत, हे त्यांना फक्त ऐकून कळणार. म्हणून त्यांनी एक रीत घालून दिली. टेबल हलवायचं असलं की ते मोठ्यानं विचारायचे, "हात मोकळे?" पेशंटजवळ उभी असलेली माझी सहायक, डॉक्टर मेघना, चारही हात सोडवून उत्तर द्यायची, "हात मोकळे." मग भूल देणाऱ्या डॉक्टरांना, "मान धरली?" "धरली." मग "हलवतो" म्हणून बटण.

यात काटछाट चालत नसे. मेघना एकदा नुसतं "हो" म्हणाली. नागोराव म्हणाले, "हो तर माझी बायको बी म्हणती, मॅडम. काय हो?" मी पेटाऱ्यातून मान हलवली तर ती त्यांना कशी दिसणार? मी हुंकार दिला तर म्हणायचे, "सायेब खोकले का?" यंत्राच्या उद्घाटनाला आलेल्या एका पुढाऱ्यांना फोटोसाठी रिमोटचं बटण दाबायचं होतं. नागोरावांनी गळ्यातला रिमोट काढून दिला नाही. आधी "हात मोकळे" म्हणा, मग देतो, म्हणाले. त्या पुढाऱ्यांच्या एका हातात कात्री होती आणि दुसऱ्या हातात हार. तरी बिचारे म्हणाले.

पोत्याचा किस्सा मी सगळ्यात शेवटी सांगायचो, कारण त्यावर हमखास हशा यायचा.

एका रविवारी थिएटर बंद असताना नागोरावांनी टेबलावर चादर अंथरून ज्वारीचं भरलेलं पोतं ठेवलं, त्याला वरून चार ठिकाणी दाभण खुपसून सुतळीनं खिडकीच्या गजाला आणि कपाटाच्या कडीला ताणून बांधलं, आणि मला बोलावून आणलं. "बगा सायेब. दोनच बोटं कलवतो." त्यांनी बटण दाबलं. पोतं जरासंच सरकलं. एक सुतळी ताणली गेली, दाभण आडवं झालं आणि पोतं फाटून ज्वारी थिएटरभर सांडली. नेमक्या तेव्हाच मेट्रन आल्या. निर्जंतुक थिएटरमध्ये ज्वारी बघून त्या बाई जे बोलल्या ते मी इथं लिहीत नाही. नागोराव गुडघ्यावर बसून दाणे वेचत होते आणि वेचता वेचता मला म्हणत होते, "दोनच बोटं, सायेब. लक्षात ठिवा."

मी हसत होतो. माझे किस्से इथं संपायचे.

कमलबाई लातूर जिल्ह्यातल्या, औशाजवळच्या एका गावच्या अंगणवाडी सेविका. मोठ्या आतड्यात गाठ होती. त्यांच्या ऑपरेशनच्या दिवशी लातूरचे चार-पाच डॉक्टर आमचं काम बघायला आले होते. त्यांनाही असं यंत्र घ्यायचं होतं. ते शेजारच्या खोलीत पडद्यावर ऑपरेशन बघत होते आणि त्यांचं बोलणं मला स्पीकरवर ऐकू येत होतं.

टेबल एकदा हलवून झालं होतं. सोडवा, हलवा, पुन्हा जोडा. त्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. लातूरच्या पाहुण्यांपैकी कुणीतरी म्हणालं की एवढ्या वेळात आम्ही हातानं अर्धं ऑपरेशन उरकतो. सगळे हसले. ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं.

तासाभरानं टेबल पुन्हा थोडं डावीकडं हवं होतं. अगदी थोडं. मी मेघनाला हळूच म्हणालो की सोडवत बसू नकोस, एवढ्याशानं काही होत नाही. मग पडद्याअलीकडून नेहमीचा आवाज आला.

"हात मोकळे?"

मेघना गप्प. नागोरावांनी पुन्हा विचारलं. ते तिसऱ्यांदाही विचारतील आणि पाहुणे ऐकतील, हे मला ठाऊक होतं. पेटाऱ्यातून तोंड बाहेर काढून मी स्वच्छ, मोठ्या आवाजात म्हणालो, "हात मोकळे. घ्या नागोराव."

त्यांनी मान धरली का विचारलं. धरली म्हणून उत्तर आलं. त्यांनी बटण दाबलं.

यंत्र ओरडायला लागलं. तोवर एका नळीनं पोटाची भिंत आतून फाडली होती. रक्त थांबवायला पोट उघडावं लागलं. कमलबाई वाचल्या, गाठही निघाली. पण जखम चिघळली, महिनाभर रुग्णालयात राहावं लागलं आणि पोटाचे स्नायू कायमचे अधू झाले. घरच्यांना आम्ही सांगितलं की गुंतागुंत झाली. डॉक्टरांना हा शब्द फार उपयोगी पडतो.

रुग्णालयानं चौकशी केली. मी लिहून दिलं की यंत्राचे हात जोडलेले असताना टेबल हलवलं गेलं. यातला एकही शब्द खोटा नव्हता. मेघनानं सांगितलं की यंत्राच्या आवाजात तिला नीट ऐकू आलं नाही. भूल देणारे डॉक्टर म्हणाले की त्यांचं लक्ष पेशंटच्या मानेकडं होतं, आणि लातूरच्या पाहुण्यांना कुणी विचारलंच नाही. मग नागोरावांना आत बोलावलं. ते हातात टोपी धरून उभे राहिले आणि जसं घडलं तसं म्हणाले, "सायेबांनी हात मोकळे म्हणलं. म्हणून मी बटन दाबलं."

चौकशी समितीच्या अध्यक्षांनी माझ्याकडं बघून विचारलं, असं म्हणालात का?

मी म्हणालो, "मला आठवत नाही."

नागोराव माझ्याकडं बघत होते. त्यांच्या नजरेत राग असता तर सोपं गेलं असतं. एखाद्या पेशंटला कुठं दुखतंय ते शोधावं, तसं ते बघत होते. मग म्हणाले, "आठवत नसंल तर ऱ्हाऊ द्या."

त्यांना कामावरून काढलं. जायच्या दिवशी ते नव्या माणसाला तासभर टेबल समजावून सांगत होते. मी शेजारच्या खोलीत बसून ऐकत होतो. बाहेर गेलो नाही.

पुढं वर्षभरात मीही निवृत्त झालो. निरोप समारंभात नागोरावांचा उद्घाटनाचा किस्सा सांगितला. लोक हसले.

तीन वर्षांनी त्यांचा पत्ता लागला. बायको वारल्यावर ते औशाला लेकीकडं राहायला गेले होते. हे ऐकून मला नवल वाटलं. नांदेडला त्यांचा मुलगा होता, सून चांगली होती. आपल्याकडं बाप लेकीच्या सासरी दोन दिवसांवर राहत नाही. राहिला तर गाव बोलतं. नागोरावांसारखा रीतिभातीचा माणूस तिथं कायमचा जाऊन राहिला होता.

मी गाडी काढली. नांदेडहून औशापर्यंत एक वाक्य घोकत गेलो. ड्रायव्हर समोर असल्यानं मनातल्या मनात. किल्ल्याच्या अलीकडं त्यांच्या लेकीचं घर सापडलं. ती म्हणाली, "बापू न्हाईत. कमलमावशीकडं गेलेत. दर गुरुवारी जातेत." तिनं गावाचं नाव सांगितलं तेव्हा कोण कमलमावशी ते मला कळलं.

कमलबाईंच्या अंगणात नागोराव, त्यांना उंच व्हावा म्हणून, बसायच्या पाटाखाली वीट सारत होते. अंगानं निम्मे झाले होते. मला बघून झटकन उठले आणि धोतराला हात पुसले. कमलबाई एका लोखंडी खाटेवर टेकून बसल्या होत्या. त्या खाटेचं डोकं मोटारीच्या जॅकवर उचललं जायचं. पायानं चार वेळा दाबलं की माणूस बसता होतो. नागोरावांनी लातूरच्या भंगार बाजारातून सामान जमवून ती केली होती.

"बसा डॉक्टरसाब," कमलबाई म्हणाल्या. "आवं, मला कूस बदलता येत नव्हती. पोटात जोरच न्हाई. ह्या माणसानं खाट करून दिली तवा मी उठाय लागले. अंगणवाडीत बी जाते आता, सावकाश."

मी बरं बरं म्हणालो.

"हे पहिल्यांदा आले तवा दारातच हात जोडून उभे. म्हणले, टेबल म्या हलवलं व्हतं बाई, चूक माझी हाय. आमचा ल्योक तर मारायलाच धावला." त्या थांबल्या, मग म्हणाल्या, "म्या म्हणलं, आरं थांब. एवढ्या मोठ्या दवाखान्यातून चूक झाली म्हणाय आलेला हा एकच माणूस हाय."

त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितला. नागोराव खाली बघून जॅकचा दांडा पुसत होते. बोलायची जागा तीच होती. मी चहा घेतला. चांगला झालाय म्हणालो.

गाडीपर्यंत नागोराव सोडायला आले. ड्रायव्हर पुढं गेला होता, रस्त्यावर आम्ही दोघंच. तूर फुलावर होती. मी कसंबसं एवढंच विचारलं, की तुम्ही कमलबाईंना असं का सांगितलंत.

ते म्हणाले, "कुणीतरी सांगाय पायजे व्हतं ना सायेब. बाई लई दिवस सोताच्याच नशिबाला बोल लावून राहिली व्हती." चार पावलं चालून मग म्हणाले, "तुमाला जमलं नसतं."

टोमणा नव्हता. टेबलाची कुरकुर सांगायचे त्याच आवाजात सांगितलं.

मी गाडीत बसलो. ते खिडकीशी वाकले आणि माझ्या पाठीचं विचारलं, कारण पेटाऱ्यात वाकून बसल्यानं माझी पाठ धरायची, हे त्यांना माहीत होतं. पाठीमागं एक उशी घेत जा, म्हणाले. ओठांपर्यंत आलेलं वाक्य तेव्हाही बाहेर पडलं असतं. मी म्हणालो, "काच वर घेतो नागोराव, धूळ येतेय." ते मागं सरकले. गाडी वळेपर्यंत हात वर करून उभे होते.

गेल्या महिन्यात त्यांच्या लेकीचा फोन आला. बापू झोपेतच गेले, म्हणाली. तुमचं नाव लई काढायचे.

दहाव्या दिवशी मी पुन्हा कमलबाईंकडं गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. या खेपेला चहाचं विचारलं नाही, आणि ते बरोबरच होतं. रुग्णालयालाही सहीनिशी लिहून दिलं आहे; ते त्याचं काय करतील मला माहीत नाही. ज्यांच्या ज्यांच्यासमोर मी किस्से सांगितले, त्यांच्यासाठी हे लिहिलं.

राहिलं ते नांदेडहून औशापर्यंत घोकलेलं आणि काचेच्या आत राहून गेलेलं वाक्य. ते असं होतं: नागोराव, त्या दिवशी मी खोटं बोललो आणि नंतर मला सगळं आठवत होतं, मला माफ करा.